छापण्याआधीचं लेखन कसं जपावं: नव्या लेखकासाठी

नव्याने लिहू लागलेली माणसं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "माझी कथा कुणाला वाचायला दिली आणि त्याने ती स्वतःच्या नावावर खपवली तर?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी मी उलट विचारते: आज रात्री तुमचा लॅपटॉप बंद पडला, तर ती कथा आणखी कुठे आहे? बहुतेक वेळा समोरचं माणूस गप्प होतं.

अप्रकाशित लेखन चोरीला जातं, नाही असं नाही. पण त्याहून किती तरी जास्त लेखन हरवतं, पुसलं जातं, भिजतं, विसरलं जातं, किंवा लिहिणाराच एखाद्या वाईट रात्री ते फाडून टाकतो. म्हणून हा लेख चोरापासून सुरू होत नाही. तुमच्या टेबलापासून सुरू होतो. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने केल्या तर बरं, कारण पहिल्या दोन झाल्या नसतील तर पुढच्यांना फारसा अर्थ उरत नाही.

पायरी 1: सगळं लेखन एका जागी आणा

एक आख्खी दुपार यासाठी मोकळी ठेवा. लेखन जिथे सुचतं तिथे सांडत जातं: वहीच्या मागच्या पानांवर, फोनमधल्या टिपणांत, स्वतःलाच पाठवलेल्या मेलमध्ये, मैत्रिणीला निरोपातून धाडलेल्या चार ओळींत, जुन्या फोनमधल्या ध्वनिमुद्रणात. हे सगळं शोधून काढा आणि एक साधी यादी करा. लेखनाचं नाव, ते कुठे आहे, आणि कोणत्या अवस्थेत आहे: टिपण, कच्चा खर्डा, दुसरा खर्डा, पक्की प्रत. एवढे तीन रकाने पुरतात.

मग फाइलींची नावं. ‘कथा फायनल’, ‘कथा फायनल नवी’, ‘कथा एकदम फायनल’ अशा तीन फाइली सहा महिन्यांनी उघडल्या की यातली शेवटची कुठली हे लेखकालाही सांगता येत नाही. नावातच तारीख घाला, आणि ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा: ‘विहीर-2025-03-14’. मग फाइली आपोआप काळाच्या क्रमाने ओळीत लागतात. मोठा फेरफार करायच्या आधी नवी प्रत काढा आणि जुनी तशीच राहू द्या. एक लाख शब्दांची देवनागरी कादंबरी निव्वळ मजकूर म्हणून दोन-तीन मेगाबाइटांत मावते, तेव्हा जागेच्या काळजीने खर्डे पुसायचं काहीच कारण नाही.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना आणखी एक काम आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे पानभर निरर्थक चिन्हं उमटतात. असं जुनं लेखन तुमच्याकडे असेल तर ते उघडणारा संगणक चालू आहे तोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेला मजकूर एकदा मूळ मजकुराशेजारी ठेवून वाचा. जोडाक्षरं, रफार आणि अर्धा र हमखास बिघडतात. शिवाय प्रत्येक पक्क्या खर्ड्याची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा. देखणं काही राहत नाही, पण ती उघडायला कोणत्याही कंपनीच्या प्रोग्रामची वाट पाहावी लागत नाही.

पायरी 2: प्रती करा, आणि त्या वेगवेगळ्या जागी ठेवा

1922 च्या डिसेंबरात अर्नेस्ट हेमिंग्वे लोझानला बातमीदारीसाठी गेला होता. त्याची पत्नी हॅडली पॅरिसहून त्याच्याकडे निघाली आणि तिथे त्याला काम करता यावं म्हणून त्याचं लेखन एका सूटकेसमध्ये भरून घेतलं. गार द लियों स्थानकावर ती सूटकेस चोरीला गेली. या घटनेतला बोचणारा तपशील वेगळाच आहे. हेमिंग्वेच्या लेखनाच्या कार्बन प्रती काढलेल्या होत्या. त्याही त्याच सूटकेसमध्ये होत्या. दोन कथा तेवढ्या वाचल्या, कारण त्या दिवशी एक संपादकाकडे गेलेली होती आणि दुसरी एका खणात पडून होती.

प्रत असणं पुरेसं नाही, ती दुसरीकडे असावी लागते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम संगणकवाले आजही सांगतात: तीन, दोन, एक. एकूण तीन प्रती, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. लेखकाच्या भाषेत सांगायचं तर एक प्रत तुमच्या रोजच्या संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा विश्वासाच्या माणसाच्या घरी. पेनड्राइव्ह ने-आण करायला चांगला. तो वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचं साधन नव्हे. त्यातली साठवण विजेच्या सूक्ष्म भारावर चालते आणि तो भार हळूहळू ओसरतो.

इथे बरीच माणसं फसतात ती ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ यांच्यात. मीही फसले. एका रात्री दीर्घकथेची फाइल उघडी होती, मला एक पत्र लिहायचं होतं. नवी फाइल उघडली आहे असं समजून मी सगळा मजकूर निवडला, पुसला, पत्र लिहिलं, सेव्ह केलं आणि झोपले. सकाळी लॅपटॉपवर पत्र होतं, फोनवर पत्र होतं, क्लाउडवरही पत्रच होतं. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट प्रामाणिकपणे पोहोचली होती. सिंकचं कामच ते: एका जागी केलेला बदल सगळ्या जागी नेणं, मग तो बदल म्हणजे चूक का असेना. माझ्या सेवेत जुन्या आवृत्त्या काही दिवस राखल्या जात होत्या म्हणून कथा परत मिळाली. तुमच्या सेवेत अशी सोय आहे का, आणि जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, हे आजच पाहून ठेवा. हार्डडिस्कवरची प्रत मात्र आठवड्यातून एकदा हाताने काढायची आणि डिस्क सोडवून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर व्हायरस किंवा विजेचा झटका दोन्ही प्रतींना एकदमच गाठतो.

वार ठरवून घ्या. मी रविवारी सकाळी लिहायला बसण्याआधी हे करते, दहा मिनिटं लागतात. आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुठलीही एक जुनी प्रत उघडून मधलं पान वाचून पाहा. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही, ही म्हण आपल्याला पाठ असते, पण ती आपल्या वहीलाही लागू आहे हे आठवत नाही.

पायरी 3: हाताने लिहिणाऱ्यांसाठी

हाताने लिहिणं सोडू नका. कित्येकांचं वाक्य कागदावरच वळतं. फक्त चार गोष्टी पाळा. पानांना क्रमांक घाला, कारण एकदा विस्कटलेलं बाड पुन्हा लावताना आठवणीचा भरवसा नसतो. पाण्याने पसरणारी शाई टाळा. वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि संपर्क लिहा. आणि लिहिलेल्या पानांचे आठवड्याला फोटो काढा, भरपूर उजेडात, पान सपाट ठेवून, खोडलेले शब्दही दिसतील असे. ते फोटो फोनच्या गॅलरीत बाकीच्या छायाचित्रांत मिसळून ठेवू नका, वहीच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. नाही तर जागा करण्यासाठी फोन साफ करताना तेच आधी उडतात.

टी. ई. लॉरेन्सने 1919 मध्ये रेडिंग स्थानकावर गाडी बदलताना आपल्या मोठ्या ग्रंथाचं जवळजवळ पूर्ण हस्तलिखित हरवलं आणि मग ते बव्हंशी आठवणीतून पुन्हा लिहून काढलं. अशा गोष्टी ऐकायला रोमहर्षक वाटतात. पुन्हा लिहिलेलं लेखन कधी कधी पहिल्याहून चांगलं उतरतं, हेही खरं. पण हरवलेलं आठवत बसण्यात जी महिनोन् महिन्यांची उमेद जाते तिचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो. प्रवासात वही न्यायची असेल तर कोरी वही न्या. भरलेली घरीच राहू द्या.

पायरी 4: कुलूप

ज्या खात्यात तुमचं लेखन आहे त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज फोनवरून आणखी एक खातरजमा, सुरू असावी. घरात किंवा कचेरीत सामायिक संगणक असेल तर लिहून झाल्यावर खात्यातून बाहेर पडा. रोजनिशी आणि खऱ्या माणसांवर बेतलेले कच्चे खर्डे वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यात तुमच्याबरोबर इतरांचंही खाजगी आयुष्य असतं आणि ते जपणं ही तुमची जबाबदारी आहे.

पायरी 5: तुमचा हक्क काय आहे ते नीट समजून घ्या

आता चोरीचा प्रश्न. कॉपीराइट, म्हणजे प्रताधिकार, मिळवावा लागतो असं अनेकांना वाटतं. लेखक-कलावंतांच्या हक्कांचा 1886 चा आंतरराष्ट्रीय बर्न करार आज 180 हून अधिक देशांना लागू आहे आणि त्याच्या पाचव्या कलमानुसार या हक्कासाठी कोणतीही औपचारिकता लागत नाही. नोंदणी नको, शिक्का नको, वर्तुळातलं ‘सी’ चिन्हही नको. तुम्ही लिहिलंत, तुमचं स्वतःचं लिहिलंत, की हक्क तुमचा. छापून येण्याची अटही नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान 50 वर्षं राहतो, बऱ्याच देशांत 70. मात्र काही देशांत लेखन कुठल्या तरी टिकाऊ रूपात उतरलेलं असावं लागतं. चार मित्रांत तोंडी सांगितलेली कथा तिथे उघडी पडते. म्हणून आधी लिहा, मग सांगा.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. बौद्धिक संपदेबद्दलच्या 1994 च्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या नवव्या कलमात हे शब्दांत सांगितलेलं आहे. ‘दोन भावांच्या भांडणात बुजलेली विहीर’ ही कल्पना कुणाचीच नाही. त्या विहिरीवर तुम्ही लिहिलेली वाक्यं, उभी केलेली माणसं, प्रसंगांची गुंफण तुमची. एकाच कल्पनेवर दोघांनी दोन वेगळ्या कथा लिहिल्या तर कुणीच चोर ठरत नाही. नव्या लेखकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला यात दिलासा दिसतो: तुमच्या लेखनातलं जे खरोखर तुमचं आहे, तेच कायदाही तुमचं मानतो.

अप्रकाशित लेखनाचा हा हक्क फार जुना आहे. 1741 मध्ये इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप यांनी आपली खाजगी पत्रं छापणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने म्हटलं की पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असेल, पण त्यातला मजकूर छापायचा परवाना त्यामुळे त्याला मिळत नाही. तुम्ही कुणाला पत्रातून, मेलमधून, निरोपातून कविता पाठवली असेल, तर तिथेही तत्त्व हेच.

हक्क असणं आणि तो सिद्ध करता येणं यांत अंतर आहे. स्वतःलाच टपालाने बंद पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचं, हा उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. त्यावर विसंबू नका. रिकामं, न चिकटवलेलं पाकीटही टपालाने पाठवता येतं, त्यामुळे पुरावा म्हणून ते लंगडं पडतं. त्यापेक्षा तारखेनिशी ठेवलेले खर्डे बोलके असतात. खोडाखोड, बदललेली नावं, गाळलेलं प्रकरण, समासातल्या शंका: चोराकडे हे काही नसतं, त्याच्याकडे फक्त शेवटची प्रत असते. पहिल्या पायरीत जुने खर्डे पुसू नका म्हटलं ते यासाठीही.

थोडं तंत्र जमत असेल तर आणखी एक सोय आहे. एसएचए-256 नावाची गणिती रीत कुठल्याही फाइलचा 64 अक्षरी ठसा काढून देते. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून मजकूर ओळखता येत नाही. हा ठसा स्वतःला आणि एखाद्या विश्वासू माणसाला मेल करून ठेवला, की कथेतली एक ओळही न दाखवता ही फाइल त्या दिवशी अशीच होती हे पुढे दाखवता येतं. ज्या देशात कॉपीराइटची अधिकृत नोंदणी होते तिथे पक्क्या झालेल्या मोठ्या लेखनाची नोंदणी जरूर करा. काही ठिकाणी दावा लावण्याआधी ती लागतेच. पण प्रत्येक कवितेमागे नोंदणीचा अर्ज घेऊन धावू नका, तो वेळ पुढच्या कवितेचा आहे.

पायरी 6: पहिला वाचक निवडा

ही पायरी मला सर्वांत नाजूक वाटते. कच्चं लेखन कुणाला, कधी आणि कसं दाखवायचं, यावर लेखकाची उमेद टिकते किंवा मोडते.

कधी, हे आधी. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत शक्यतो कुणालाच दाखवू नका आणि त्याबद्दल फार बोलूही नका. कथा तोंडाने सांगितली की ती सांगून झाल्याचं समाधान मिळतं, आणि मग हात कागदाकडे वळत नाही. "काय लिहितेयस?" या प्रश्नाला "आत्ता सांगण्याजोगं नाही, झालं की देते" हे पूर्ण उत्तर आहे. त्यात उद्धटपणा नाही. अंकुर उपटून मुळं किती वाढली ते पाहायचं नसतं.

खर्डा झाला की तो पंधरा दिवस बंद ठेवा, मग स्वतः मोठ्याने वाचा, आणि मगच दुसऱ्याला द्या. कुणाला? तुमच्यावर प्रेम करणारं माणूस चांगला पहिला वाचक असेलच असं नाही. जो भरपूर वाचतो, जो "इथे मी थांबलो", "इथे मला कळलं नाही" असं बोट ठेवून सांगतो, आणि जो तुमच्या जागी स्वतःची कथा लिहायला बसत नाही, असा शोधा. दोघं-तिघं पुरेत. त्यांना मोघम ‘कसं वाटलं’ न विचारता नेमकं विचारा: कंटाळा कुठे आला? कुठल्या पात्रावर विश्वास बसला नाही? शेवट आधीच कळला का?

देताना मूळ प्रत कधीही देऊ नका. 1835 मध्ये टॉमस कार्लाइलने फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाचं हस्तलिखित मित्राला, जॉन स्टुअर्ट मिलला, वाचायला दिलं. मिलच्या घरी मोलकरणीने ते रद्दी समजून चूल पेटवायला वापरलं, असं सांगितलं जातं. दुसरी प्रत नव्हती, टिपणंही कार्लाइलने ठेवली नव्हती. त्याने तो खंड पुन्हा लिहिला आणि ग्रंथ 1837 मध्ये निघाला. मिल चोर नव्हता. तो जाणता वाचक होता, चांगला मित्र होता, आणि तरीही हस्तलिखित जळालं. चांगल्या माणसांच्या हातूनही लेखन जातं, म्हणून व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर सोडू नये.

आज जळण्यापेक्षा पसरण्याचा धोका मोठा. 2008 मध्ये अमेरिकी लेखिका स्टेफनी मेयर यांच्या अपुऱ्या कादंबरीची बारा प्रकरणं इंटरनेटवर फुटली. त्यांनी मोजक्याच प्रती विश्वासाच्या लोकांना दिल्या होत्या आणि प्रत्येक प्रत दुसरीपेक्षा वेगळी होती, त्यामुळे ती कुठून फुटली याचा त्यांना अंदाज आला. मूळ देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, असंही त्यांनी नोंदवलं. पण लेखन थांबलं ते थांबलंच, आणि ते पुस्तक निघायला 2020 उजाडलं. इथे चोराने मजकुराहून मोठं काही नेलं, लिहिण्याची एकांताची जागा नेली.

त्यांची युक्ती आपल्यालाही जमेल. प्रत्येक वाचकाच्या प्रतीवर त्याचं नाव आणि तारीख पानाच्या तळाशी घाला. सोबत चार साध्या ओळी लिहा: ‘हा कच्चा खर्डा आहे, फक्त तुमच्यासाठी. कृपया पुढे पाठवू नका, फोटो टाकू नका. वाचून झाला की कळवा.’ यात अविश्वास नाही. वाचनगट असेल तर पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून हाच नियम ठरवावा, म्हणजे नंतर कुणाला वैयक्तिक लागत नाही.

पायरी 7: बाहेर पाठवताना

मासिकाला, स्पर्धेला, प्रकाशकाला काही पाठवलं की नोंदवहीत टिपा: काय पाठवलं, कोणता खर्डा, कुणाला, कधी, कोणत्या मेलवरून, उत्तर काय आलं. ‘साभार परत’ आलेलंही लिहा. वर्षभराने ही वही उघडली की आपण खरोखर किती काम केलं ते दिसतं, शिवाय एकच कथा दोन ठिकाणी एकदम गेल्याची नामुष्की टळते. पोच आणि उत्तरं पुसू नका, तोही पुरावाच आहे.

नियम शेवटपर्यंत वाचा. मी एकदा एका कथास्पर्धेचे नियम पाठवल्यानंतर वाचले. दहाव्या कलमात लिहिलं होतं की आलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क आयोजकांकडे कायमचे जातील, बक्षीस मिळो न मिळो. मी मेल लिहून प्रवेशिका मागे घेतली, पण ती दोन दिवसांची धाकधूक अजून आठवते. पाहायचं ते हे: तुम्ही हक्क कायमचा देताय की ठरावीक वापराचा परवाना? फक्त पहिल्यांदा छापण्याचा की भाषांतर, ऑडिओ, चित्रपट, सगळ्याचा? किती काळासाठी? पुस्तक बाजारातून गेल्यावर हक्क परत येतात का? लेखकाचं नाव दिलं जाईल आणि मजकुराची मोडतोड होणार नाही, हा तर बर्न कराराचाच नैतिक हक्क आहे. ‘सर्व हक्क’, ‘कायमस्वरूपी’ आणि ‘मोबदल्याविना’ हे तीन शब्द एका परिच्छेदात दिसले की सही थांबवा आणि जाणत्याला दाखवा.

प्रकाशकाने आधी गोपनीयतेचा करार करावा असा आग्रह नवे लेखक धरतात. प्रकाशक सहसा तयार होत नाहीत. त्यांच्याकडे सारख्याच विषयाची अनेक हस्तलिखितं येत असतात. त्यापेक्षा प्रकाशकाची आधीची पुस्तकं पाहा, त्यांच्या दोन लेखकांशी बोला, आणि आधी सारांशासह दोन-तीन प्रकरणंच पाठवा. आणखी एक: समाजमाध्यमावर पूर्ण टाकलेली कथा अनेक संपादक प्रकाशित झालेलीच धरतात. जी छापायला पाठवायची आहे तिच्या दोन ओळींवर तिथे थांबा.

पाठवण्याआधी पत्ता अक्षर अक्षर वाचा. लंडनच्या प्रकाशनक्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका माणसाने 2016 पासून पुढची काही वर्षं संपादकांच्या आणि लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणाऱ्या एजंटांच्या नावाने मेल पाठवून जगभरातून हजाराहून अधिक अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. त्याने 160 हून अधिक बनावट डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातली ‘@’ नंतरची नावं, घेतली होती. रोमन लिपीतल्या ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवले की घाईत डोळ्याला फरक दिसत नाही, अशी साधी चाल. जानेवारी 2022 मध्ये त्याला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. फसलेल्यांत मुरलेले लेखक आणि संपादकही होते. म्हणून कुणी अचानक ‘नवी प्रत पाठवा’ म्हणालं, की त्याच मेलला उत्तर न देता तुमच्याकडे आधीपासून असलेल्या पत्त्यावर किंवा फोनवर विचारून घ्या.

मजकूर सुधारून देणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या किंवा शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रसेवांत खर्डा टाकण्याआधीही अटी वाचा: मजकूर साठवला जातो का, किती दिवस, यंत्राला शिकवायला वापरला जातो का, आणि ते बंद करता येतं का. उत्तर सापडलं नाही तर अप्रकाशित लेखन तिथे टाकू नका.

पायरी 8: स्वतःपासून जपा

निकोलाय गोगोलने फेब्रुवारी 1852 मध्ये आपल्या मोठ्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाचं हस्तलिखित जाळलं आणि काही दिवसांतच तो गेला. एवढ्या टोकाला सगळे जात नाहीत, पण ‘हे सगळं भिकार आहे’ असं वाटणारी रात्र प्रत्येक लेखकाला येते. साभार परतीनंतर येते, दुसऱ्याचं उत्तम पुस्तक वाचल्यावर येते, आजारपणात येते. त्या रात्रीसाठी नियम आधीच करून ठेवा: रात्री काहीही पुसायचं नाही, फाडायचं नाही. फारच असह्य झालं तर फाइल ‘नंतर पाहू’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवा आणि तीन महिने उघडू नका. तीन महिन्यांनीही भिकार वाटलं तरी ती तिथेच राहू द्या. माझ्या एका कथेतली आई अशाच टाकून दिलेल्या खर्ड्यातून आली आहे. तो खर्डा वाईट होता, पण त्यातल्या एका परिच्छेदात ती बाई उभी होती.

संपादन करताना कापलेल्या मजकुरासाठीही वेगळी फाइल ठेवा. वाक्य कायमचं जाणार नाही हे ठाऊक असलं की कात्री निर्भयपणे चालते, आणि लेखन सुधारतं ते तिथे.

आणि वेळ जपा. प्रती, नोंदी, कुलपं हे सगळं आठवड्याच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत बसवा. दररोज लिहायला बसण्याची वेळ ही यातली सर्वांत सहज लुटली जाणारी गोष्ट आहे आणि तिला कुठलाच कायदा संरक्षण देत नाही. ती घरच्यांना सांगून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या वेळात काही सुचलं नाही तरी जागेवर बसून राहा.

पायरी 9: तुमच्यामागे काय, ते लिहून ठेवा

तरुण लेखक ही पायरी वगळतात. वगळू नका, तासाभराचं काम आहे.

एमिली डिकिन्सन 1886 मध्ये गेली तेव्हा तिच्या जेमतेम दहा कविता छापलेल्या होत्या. बहीण लॅव्हिनियाला तिच्या खोलीत कवितांचा साठा सापडला, आज आपण जवळपास 1800 कविता मोजतो. कादंबरीकार फ्रान्झ काफ्काने मित्र मॅक्स ब्रोडला आपल्यामागे सगळं लेखन जाळायला सांगितलं होतं. ब्रोडने ऐकलं नाही, आणि 1939 मध्ये प्राग सोडताना त्याने ती हस्तलिखितं सूटकेसमध्ये घालून बरोबर नेली. इंग्रजी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांच्या इच्छेप्रमाणे 2017 मध्ये त्यांचं अपुरं लेखन असलेली हार्डडिस्क स्टीमरोलरखाली चिरडण्यात आली. यातलं कोणतं बरोबर, यावर वाचक म्हणून मी आयुष्यभर भांडू शकते. लेखक म्हणून मला एवढंच वाटतं, की मागे राहिलेल्या माणसावर अंदाज बांधायची वेळ येऊ नये.

एका कागदावर लिहा: लेखन कुठे कुठे आहे, खाती कोणती, पासवर्ड कुठे मिळतील, कोणतं अपुरं लेखन कुणाला वाचता येईल, कोणतं छापायला हरकत नाही, कोणत्या वह्या न वाचता नष्ट करायच्या, आणि निर्णय कुणी घ्यायचा. पासवर्ड त्याच कागदावर लिहू नका. हक्क वारसांकडे कसे जातात ते ठरवायला तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र लागेल, हा कागद त्याच्या जोडीला. खाली तारीख घाला, सही करा, लेखनाच्या यादीसोबत ठेवा, आणि ज्याचं नाव तुम्ही त्यात घातलं आहे त्या माणसाला फोन करून विचारा की हे काम त्याला चालेल का.